क्रूझचं पॅकेज घ्यायचं की सगळं सुटं-सुटं बुक करायचं? एकाच जहाजावर आम्ही दोन्ही करून बघितलं

ऑफिसात, सोसायटीत, नात्यात सगळे हेच विचारायलेत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी सोलापूरची, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, त्यामुळं हिशोब लिहून ठेवायची सवय आहे आणि खालचे आकडे माझ्या वहीतले आहेत, अंदाजे नाहीत.

२०२४ च्या दिवाळीनंतर शाळेच्या सुट्टीत आम्ही सिंगापूरहून निघणारी ४ रात्रींची क्रूझ केली, सिंगापूर–पेनांग (मलेशिया)–फुकेत (थायलंड) आणि परत सिंगापूर. आम्ही चौघं, मी, आमचे हे, सासूबाई (वय ६८) आणि ११ वर्षांचा मुलगा. आणि त्याच जहाजावर माझी नणंद, भाऊजी आणि त्यांची १५ वर्षांची मुलगी. ताईंनी ओळखीतल्या एजंटकडून पूर्ण पॅकेज घेतलं, विमान, व्हिसा, जहाज, हॉटेल, फिरणं सगळं एकात. मी मे महिन्यापासून बसून एकेक गोष्ट वेगळी बुक केली. जहाज तेच, तारखा त्याच, जेवण तेच, त्यामुळं तुलना अगदी समोरासमोर झाली.

आधी पैशाचं. ताईंचं पॅकेज माणशी १,१२,०००. तिघांचे ३,३६,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी १६,८००, आणि ह्या सगळ्यावर ५ टक्के टीसीएस १७,६४०. म्हणजे हातातून गेले ३,७०,४४०. आता हा टीसीएस काय ते नीट समजून घ्या कारण भाऊजींना तो पैसे भरायच्या दिवशी कळला. परदेशी टूर पॅकेज घेतलं की एजंट तुमच्या पॅनवर हा टॅक्स गोळा करून सरकारला भरतो, तेव्हा ७ लाखापर्यंत ५ टक्के होता. तो बुडत नाही, आपल्या नावावर भरलेल्या टॅक्सचा उतारा असतो त्यात (२६एएस) दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत पैसे अडकतातच. नुसतं विमानाचं तिकीट किंवा नुसतं हॉटेल घेतलं तर ते पॅकेजमध्ये धरत नाहीत. आम्ही जहाजाचे पैसे जहाज कंपनीच्या साईटवर कार्डाने भरले, विमान वेगळं, हॉटेल वेगळं, आमच्या कुठल्याच बिलात टीसीएस आला नाही. ह्याचे दर बजेटमध्ये बदलत राहतात, तेव्हा तुम्ही जाताना चालू दर बघून घ्या.

आमचा खर्च असा. विमान चौघांचं १,३४,०००. जहाज चौघांचं एकाच केबिनमध्ये १,२४,०००, पोर्ट टॅक्स धरून. हॉटेल २ रात्री ३४,०००, चौघांची एक खोली. व्हिसा १४,४००. इन्शुरन्स ५,२००, त्यात आईंचाच, म्हणजे सासूबाईंचाच, हप्ता जास्त. जहाजावरची ग्रॅच्युइटी म्हणजे टिप २४,२००. सिंगापुरातलं जेवण, टॅक्सी, मेट्रो, तिकिटं मिळून ३८,०००. बेरीज ३,७३,८००, माणशी ९३,४५०.

म्हणजे ताईंच्या तिघांना जेवढे लागले जवळपास तेवढ्यात आमची चार माणसं जाऊन आली. पण लगेच पॅकेज महाग असं म्हणू नका, ह्यातला मोठा भाग केबिनचा आहे. क्रूझचा रेट दोघांच्या केबिनवर ठरलेला असतो, त्याच केबिनमध्ये तिसरा चौथा माणूस आला की त्याचं भाडं बरंच उतरतं. आम्हाला पहिल्या दोघांचे ३८,००० प्रमाणे आणि पुढच्या दोघांचे २४,००० प्रमाणे पडले. ताईंची मुलगी पण तिसरी म्हणूनच त्यांच्या केबिनमध्ये होती, पण पॅकेजमध्ये तिचे पूर्ण १,१२,००० लावले. हे मला त्यांचं बिल हातात घेतल्यावर दिसलं. पॅकेजमध्ये हा एक त्रास आहे, आत कशाचे किती हे कळतच नाही, सगळं एका आकड्यात बांधलेलं असतं. तेव्हा तिसरा माणूस असेल तर एजंटला सरळ विचारा की तिसऱ्याचा जहाजाचा रेट वेगळा आहे तो आम्हाला का लागला नाही. विचारलं की कमी होतं, ताईंनी विचारलं नव्हतं.

आणि ग्रॅच्युइटी! म्हणजे जहाजावरच्या कामगारांसाठी माणशी दर दिवसाचे ठरलेले पैसे, आमच्या जहाजावर १८ डॉलर होते. पॅकेजच्या कागदावर "सर्व समाविष्ट" लिहिलेलं आणि खाली बारीक अक्षरात हे सोडून. शेवटच्या रात्री केबिनच्या दारात फोलिओ म्हणजे बिल आलं त्यात तिघांचे २१६ डॉलर, १८ हजाराच्या वर. भाऊजी तो कागद घेऊन आमच्या केबिनवर आले, तुम्हाला पण आलं का म्हणून. आम्ही ते आधीच भरलेलं होतं. पैसे द्यायला कुणाची ना नाही, ती पोरं दिवसातून दोनदा खोली आवरतात, पण माणसाला आधी सांगायला पाहिजे की नाही?

आता पैशापलीकडचं.

क्रूझ म्हणजे मुळातच एक पॅकेज आहे. राहणं, तीन वेळचं खाणं, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणं, संध्याकाळचे कार्यक्रम, सगळं त्या एका तिकिटात येतं. मग एजंट त्यावर जे अजून एक पॅकेज बांधतो त्यात तो नक्की काय विकतो? तर सांधे विकतो. विमान ते हॉटेल, हॉटेल ते धक्का, धक्क्यावरून गावात आणि परत, शिवाय व्हिसाचे कागद. आमच्या कारखान्यात टॉवेलचं कापड सहसा खराब निघत नाही, तक्रार येते ती शिलाईची, काठाला उसवलं म्हणून. इथं पण तसंच आहे. जहाज छानच असतं, चिंता असते ती जोडाची, आणि तो जोड कोण किती पक्का शिवून देतोय त्यावर पैसे द्यायचे की नाही हे ठरवायचं.

पहिला जोड, विमान ते जहाज. मी सगळीकडं वाचलं होतं की जहाज सुटायच्या आदल्या दिवशी पोचायचं, जहाज तुमच्या विमानासाठी थांबत नाही आणि निघायच्या तास-दीड तास आधी चेक-इन बंद होतं. म्हणून आम्ही एक रात्र आधी आणि एक रात्र नंतर असं हॉटेल घेतलं. ताईंच्या पॅकेजमध्ये दोन्ही रात्री क्रूझच्या नंतर होत्या, म्हणजे सकाळी विमानातून उतरायचं आणि दुपारी जहाजात चढायचं. विमान दोन तास लेट आलं. तरी वेळेत पोचले पण भाऊजींची बॅग आलीच नाही, मुंबईतच राहिली. आता बॅग एक दिवसानं आली तरी देणार कुणाला, माणूस समुद्रात! चार रात्री भाऊजींनी ह्यांचे शर्ट घातले, आणि बीपीच्या गोळ्या त्या बॅगेत होत्या त्या जहाजावरच्या दवाखान्यातून घ्याव्या लागल्या, त्याचं बिल वेगळं. औषधं हातातल्या बॅगेतच ठेवा, हे मी हात जोडून सांगते, पॅकेज असू दे नाहीतर नसू दे.

पण ह्याच प्रसंगात पॅकेजचा फायदा पण दिसला आणि तो मी लपवणार नाही. एजंटचा सिंगापुरातला माणूस चार दिवस विमान कंपनीच्या मागं लागला आणि आम्ही परत आलो तेव्हा बॅग हॉटेलच्या रिसेप्शनला उभी होती. भाऊजींना एक फोन करावा लागला नाही. हेच आमच्या बाबतीत झालं असतं तर मी जहाजावरच्या महागड्या वायफायवर मेल लिहीत बसले असते. आमचं पण एक झालं होतं, सप्टेंबरमध्ये विमान कंपनीनं वेळ बदलली, रात्रीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं केलं. एक दिवस हातात होता म्हणून निभावलं, पण दोन तास फोन धरून बसायचं, हॉटेलला कळवायचं, हे सगळं माझ्यावर. सुटं बुक केलं की एका बुकिंगला दुसऱ्याचं काही माहीत नसतं, मधला निरोप्या तुम्हीच.

जहाजावर चढल्यावर मात्र सुट्या बुकिंगचा आनंद कळला. मी केबिन नंबर बघून घेतली होती, खालच्या डेकवर आणि जहाजाच्या बरोबर मध्ये, कारण तिथं हलणं सगळ्यात कमी जाणवतं आणि आईंना एसटीत पण लागतं. पाकीटभर एव्होमिन नेल्या होत्या, एक लागली. ताईंना "गॅरंटी" केबिन होती, म्हणजे प्रकार ठरलेला, जागा कंपनी देईल ती. त्यांना पार पुढच्या टोकाला मिळाली, लिफ्टपासून लांबच लांब पॅसेज, आणि दुसऱ्या रात्री भाचीला मळमळायला लागलं. मग ती आमच्या केबिनमध्ये येऊन आजीजवळ झोपली. आमच्या खोलीत दोन पलंग खाली आणि दोन भिंतीतून उघडणारे वर, मुलगा आणि हे वर. खिडकी नाही. पण खोलीत असतो कोण?

जेवणाचं पण सांगते. शाकाहारी पाहिजे हे मी ऑनलाइन चेक-इन करतानाच भरलं होतं. पहिल्या संध्याकाळी वेटर आईंच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला, केरळचा मुलगा होता, उद्यासाठी काय करू अम्मा म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी डाळ, भाजी, भात, पापडसुद्धा. ताईंनी पण एजंटला सांगितलं होतं पण ते जहाजापर्यंत पोचलंच नव्हतं, दोन दिवस त्यांना बुफेवर शोधून शोधून खावं लागलं. आणि आमची टेबलं वेगळी पडली, जेवणाच्या वेळा पण वेगळ्या, कारण दोन बुकिंग एकमेकांना जोडायची असतात आणि त्यांचा बुकिंग नंबर एजंटनं निघायच्या पाच दिवस आधी दिला. चौथ्या दिवशी विनंती करून एकत्र बसलो. पॅकेज घेतलं तरी जहाजाचा बुकिंग नंबर पैसे भरल्या भरल्या मागून घ्या, जहाज कंपनीच्या ॲपवर आपलं आपण बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं.

(घरचं शिजवलेलं जहाजावर नेऊ देत नाहीत. आईंनी कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधली होती ती सिंगापूरच्या हॉटेलातच पहिल्या रात्री संपवली, आणि खरं सांगू का, विमानाच्या थकव्यानंतर त्याच्यासारखं काही नाही.)

आता पेनांग, सगळ्यात जास्त जीव घाबरला ती जागा. आम्ही तिथं काहीच बुक केलं नव्हतं. जहाज जॉर्ज टाउनच्या अगदी दारात लागतं, धक्क्यातून बाहेर पडलं की व्हिक्टोरिया राणीचा घड्याळाचा मनोरा, आणि तिथून चालत जाता येईल असं जुनं गाव, २००८ पासून युनेस्कोच्या यादीत. ॲपवर जहाजाची सहल माणशी ७०-८० डॉलर दाखवत होती. आम्ही चालत लिटिल इंडियात गेलो, क्वीन स्ट्रीटवरच्या महामारिअम्मन देवळात दर्शन घेतलं, केळीच्या पानावर जेवलो. देवळाबाहेर एक बाई गजरे विकत बसलेली. आमच्या आईंचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यांना घरात कन्नडच सोपं जातं. त्या "मल्लिगी" म्हणाल्या, ती बाई "मल्ली" म्हणाली, आणि पुढं दहा मिनिटं एक कन्नडमध्ये आणि एक तमिळमध्ये बोलत होत्या, काय कळत होतं त्यांनाच ठाऊक, पण दोघी हसत होत्या. गाडीच्या वेळेची घाई नसली की अशी दहा मिनिटं मिळतात. चारच्या आत आम्ही जहाजावर होतो.

ताईंच्या पॅकेजमध्ये "शोअर एक्सकर्शन समाविष्ट" होतं, म्हणजे बंदरावर उतरून गाव फिरायची सहल. त्यांना वाटलं ती जहाजाचीच सहल. नव्हती. एजंटनं तिथल्या स्थानिक बसवाल्याकडून लावलेली होती. आणि ह्या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण जहाजाकडून घेतलेली सहल उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा तुमची पुढची सोय करतं, बाहेरून घेतलेल्या सहलीसाठी थांबत नाही. पेनांग हिलला वर जायच्या रेल्वेला ही रांग, मग केक लोक सी देऊळ, मग परत येताना ट्रॅफिक. पाच वाजता सगळ्यांनी आत असायचं होतं. साडेचार झाले, पावणेपाच झाले, ताईंचा फोन लागत नव्हता. आम्ही सगळे वरच्या डेकवर कठड्याला उभे. आई काही बोलत नव्हत्या, नुसतं गजऱ्याचं एकेक फूल चुरगाळत होत्या. पाचला दहा कमी असताना बस आली, भाची पुढं पळत, भाऊजी मागं, ताई चप्पल हातात घेऊन. चढले. आत आल्यावर ताई आईंच्या गळ्यात पडून रडल्या. त्या दिवसाचा राग माझ्या मनातून अजून गेला नाही. पैसे घेताना "समाविष्ट" म्हणायचं आणि ते कुणाकडून आहे हे सांगायचं नाही, हे बरोबर नाही.

फुकेतला जहाज लांब उभं राहतं आणि लहान बोटीनं, टेंडर म्हणतात, किनाऱ्यावर नेतात. आई उतरल्या नाहीत, त्यांनी मोकळ्या जहाजावर निवांत झोप काढली. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागं आहे आणि मोबाईल आपोआप वेळ बदलतो, तेव्हा परत यायची वेळ जहाजाच्या घड्याळानं बघा. मोबाईलवरनं आठवलं, समुद्रात गेलात की फोन फ्लाइट मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइट नेटवर्क फोन पकडतो आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा बसत नाही.

व्हिसाबाबत माझं मत स्वच्छ आहे, तो एजंटकडूनच करा. सिंगापूरचा व्हिसा तसाही सहसा अधिकृत एजंटमार्फतच भरतात. एवढं बघा की तो मल्टिपल एंट्री आहे, कारण जहाजानं तुम्ही देश सोडता आणि परत शिरता. मलेशियाला १ डिसेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसा लागत नाही पण डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे पोचायच्या आधीचा ऑनलाइन फॉर्म, भरायचं असतं. सिंगापूरचं पण एक अरायव्हल कार्ड आहे, फुकट, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. आणि ते क्रूझवरून परत येताना पुन्हा भरावं लागतं, हे माझ्या वहीत लिहायचं राहिलं होतं. आम्ही टर्मिनलच्या वायफायवर चौघांचं भरत बसलो, आई बॅगेवर बसून, पाऊण तास गेला. ताईंचं एजंटनं आधीच भरून ठेवलं होतं, त्या सरळ पुढं गेल्या. तिथं पॅकेज जिंकलं.

सोलापूरकरांसाठी अजून एक. दोन्ही प्रकारात सोलापूर ते मुंबई तुमचं तुम्हीच. पॅकेज मुंबई विमानतळापासून सुरू होतं. आम्ही पहाटेची वंदे भारत पकडली, दुपारी साडेबाराच्या सुमारास सीएसएमटी, दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानापर्यंत मामांकडं दादरला. येताना रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस. तेव्हा सोलापूरहून मुंबईचं विमान नव्हतं, आता सुरू झालंय, पण परदेशी विमानाला जोडून त्याच दिवसाचं घेऊ नका, इथं पण तोच जोड आहे.

मग मी काय करणार? आमचं चौघांचं पुढच्या वेळी पण सुटंच, जहाज थेट, आदल्या दिवशी पोचणं, व्हिसा तेवढा एजंटकडं. पण आता आई आणि त्यांची बहीण दोघीच जायचं म्हणतायत, फेब्रुवारीत, आम्हाला सुट्टी नाही. त्यांच्यासाठी मी पॅकेजच घेणार, जास्त पैसे गेले तरी चालतील, कारण विमानतळावर नावाची पाटी घेऊन कुणीतरी उभं असणं ह्या वयात फार मोलाचं आहे, व्हीलचेअर कुणी मागायची हा प्रश्नच येत नाही. एजंटकडून लेखी घेतलंय की एक रात्र आधी पोचवणार, केबिन मध्यभागी नंबरासकट देणार, ग्रॅच्युइटी धरून आकडा देणार. आणि पेनांगची सहल जहाजाचीच पाहिजे असं वेगळं लिहून घेतलं. नाहीतर त्या दोघी धक्क्यावरून चालत देवळापर्यंत जातील, आईंना आता रस्ता पाठ आहे.